गावात रस्त्यावरचा कला महोत्सव भरवताय? मग कलाकारांना असं बोलवा

उघड्यावरचा कला महोत्सव करायचं ठरलं की पहिल्या बैठकीत लोगो होतो, दुसऱ्या बैठकीत उद्घाटक ठरतो आणि कलाकारांचा विषय "ते येतीलच हो" म्हणत शेवटी सरकतो. मग महिनाभर उरला असताना कुणीतरी मोबाइलवर एक चकचकीत इमेज बनवतं. "कलाकारांना सुवर्णसंधी" अशी ठळक ओळ, खाली तीन फोन नंबर, आणि ती सगळ्या ग्रुपवर फिरते. ज्याला खरंच वीस फुटी भिंत पेलते तो ती वाचतो, त्यात जागा नाही, पैसे नाहीत, तारीख अर्धवट, हे बघतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो. अर्ज येतात ते हौशी पोरांचे आणि त्यांच्या काकांचे.

कलाकाराला बोलावणं म्हणजे लग्नाची पत्रिका वाटणं नव्हे. ते कामाचं बोलणं आहे. कुठं, किती दिवस, किती पैसे, साहित्य कोणाचं, काही बिघडलं तर कोण निस्तरणार, हे ज्या आवाहनात लिहिलेलं असतं त्याला कामाची माणसं उत्तर देतात. म्हणून आवाहनाचा मजकूर सगळ्यात शेवटी लिहायचा. त्याआधीची तयारीच मोठी आहे. पुढचं सगळं जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावांचा विचार करून लिहिलंय, जिथं नगरपालिका, एखादं मंडळ, कॉलेज आणि चार उत्साही माणसं एवढीच यंत्रणा असते. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाला 1999 पासूनची परंपरा आहे, दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या रंगवलेल्या भिंतींमागे एक पूर्णवेळ संस्था उभी होती. त्यांचं बघून शिकावं, पण त्यांचं वेळापत्रक आणि बजेट इथं आणू नये. आपल्याकडं दुसरी गोष्ट आहे. अमळनेरला दर वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ गल्ल्यांमधून वळवत नेतात, चाकाखाली मोगरी (रथ वळवायचा, थांबवायचा लाकडी ठोकळा) लावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. उघड्यावर हजारो माणसं सांभाळायची सवय आपल्या गावांना आहे. सवय नाही ती कलाकाराशी कागदावर बोलायची.

आधी भिंत, मग कलाकार

एक वही घ्या आणि गावातून चक्कर मारा. प्रत्येक संभाव्य जागेला एक पान. त्यावर लांबी-उंची फुटात, तोंड कोणत्या दिशेला, मालक कोण, जवळ वीज आणि पाणी कुठं, समोर उभं राहून बघायला किती जागा, वरून तारा जातात का, शेजारी गटार तुंबतं का. सकाळी आणि दुपारी असे दोन फोटो. हे काम कंटाळवाणं आहे, पण कलाकार पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि "येऊन बघा ना" हे उत्तर मुंबईत किंवा धडगावात बसलेल्या माणसाला देता येत नाही.

या फेरीत गावातल्या एखाद्या जुन्या बोर्ड पेंटरला सोबत न्या. तो काय करतो ते बघण्यासारखं असतं. भिंतीपाशी गेला की आधी बोटाच्या पेराने चार ठिकाणी ठोकतो. प्लास्टर पोकळ वाजलं तर मान हलवतो. मग तळहात भिंतीवरून फिरवून हाताला पांढरी पूड लागते का बघतो. खालच्या दोन फुटांत लोणा (ओलीबरोबर वर येणारा खार) लागलाय का, वर पन्हाळीचं पाणी कुठून उतरतं, हे तो न सांगता हेरतो. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही महागडा रंग द्या, पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. नव्या प्लास्टरची भिंत असेल तर ती पुरती मुरायला महिनाभर तरी द्यावा लागतो. आणि धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीला प्लास्टिक रंग लावूच नये, तो मातीसकट निघतो. तिथं सारवण, गेरू आणि चुना हेच माध्यम म्हणून आवाहनात लिहा. ज्याला त्यात काम करायचंय तो कलाकार आपोआप वेगळा असतो, आणि बरेचदा जास्त चांगला.

दिशेचं महत्त्व आपल्याकडं जास्त. पश्चिमेला तोंड असलेली भिंत दुपारनंतर तापते, पूर्वेची सकाळी. हिवाळ्यातही उन्हात रंग ब्रशवरच आटायला लागतो, म्हणून कोणती भिंत कोणत्या वेळी सावलीत असते हे वहीत हवं. नदीपात्र हवंहवंसं वाटतं, तिथं मात्र काहीही कायमचं उभं करू नका. वाळूतली, बांबूची, उचलून नेता येणारी कामंच तिथं ठेवा.

परवानगीचं काम इथंच उरकायचं, कलाकार ठरल्यावर नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा आहे; परवानगीशिवाय भिंत रंगवली तर ती कला आहे की जाहिरात हा वाद नंतरचा. खासगी भिंतीला मालकाचं सहीचं पत्र घ्या, भाऊबंदकीचं घर असेल तर सगळ्या भावांचं. नगरपालिकेच्या भिंतीला मुख्याधिकाऱ्यांचं पत्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांनी "करा, करा" म्हटलं म्हणजे झालं असं नसतं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाची परवानगी लागते. रेल्वेच्या भिंतीवर डोळा ठेवून बसू नका, त्यांची मंजुरी तुमच्या तारखांसाठी थांबत नाही. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. मोठं शिल्प किंवा मचाण उभारायचं असल्यास पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय ती जागा यादीत घेऊच नये. पोलीस ठाणं, महावितरणची तात्पुरती जोडणी हे नेहमीचंच. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद, म्हणजे वहीगायन किंवा सोंगाड्या पार्टी अशा इथल्या लोककलांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर तो रात्रभर चालणार नाही, हे त्या मंडळींना बोलावतानाच सांगा. त्यांच्या कलेचा जीव रात्रीत असतो. दोन तासांत बसवायचं म्हणजे त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

वीस जागा बघितल्यात तर आठ कामाच्या निघतील. आठ पुरे.

पैसे उघड बोला

"मानधन चर्चेअंती" ही ओळ मला सगळ्यात खटकते. तिचा अर्थ सरळ आहे: आम्ही अजून हिशेब केलेला नाही. आकडा लिहिला की कमी पैशांत न येणारे आपोआप बाजूला होतात आणि येणारे मन लावून येतात. आकडा छोटा असला तरी लपवू नका.

समजा तुमच्याकडं 4 लाख जमणार आहेत. त्यातले 40 हजार, म्हणजे दहावा हिस्सा, आधी बाजूला काढा. अवकाळी पाऊस, मोडलेली परांची, आजारी पडलेला माणूस यासाठी. उरलेल्यातले 2 लाख 20 हजार कलाकारांचं मानधन आणि साहित्य. राहिलेल्या 1 लाख 40 हजारांत परांची, वीज, जेवण, राहणं, विमा, छपाई आणि तो उद्घाटनाचा मंडप. मंडप छोटा करा. आठ कामं घेतली तर एकेका कामाच्या वाट्याला साहित्यासह साडेसत्तावीस हजार येतात. दहा घेतली तर बावीस. मी आठच घेईन. महोत्सवात अंतर चालतं, गर्दी केलेली अर्धवट कामं चालत नाहीत.

साहित्य आणि मानधन वेगळं लिहा. वीस बाय दहाची भिंत म्हणजे 200 चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा चांगला इमल्शन एका लिटरमध्ये दोन हातांना साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो, म्हणजे नुसत्या पायाच्या रंगालाच चार लिटर, खाली प्रायमर वेगळा, वरचे रंग वेगळे. भिंत घासून, प्रायमर मारून तयार देण्याची जबाबदारी आयोजकांनी घ्यावी आणि तसं लिहावं. एकरकमी आकडा दिला की कलाकार साहित्यात काटकसर करतो, आणि ती काटकसर दोन पावसाळ्यांनंतर भिंतीवर दिसते.

अर्जाला फी ठेवू नका. आणि सगळ्यांकडून तयार रंगीत डिझाइन फुकट मागवू नका. पहिल्या फेरीत जुन्या कामाचे फोटो आणि दहा ओळींत कल्पना, एवढंच मागा. त्यातून जे पंधराएक निवडाल त्यांनाच कच्चं रेखाटन करायला सांगा आणि त्याचे थोडे का होईना पैसे द्या, नंतर ते काम मिळो न मिळो. आठ कामांच्या हिशेबात ही रक्कम आधीच धरा. पेंटर लोकांना "आधी करून दाखव, आवडलं तर बघू" याचा इतका अनुभव असतो की हा एक नियम तुमच्या महोत्सवाची पत गावात ठरवतो.

पंचांग आणि पीकपाणी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो; त्या काळात परांचीवर माणूस चढवणं हा गुन्हाच. पावसाळा बाद. उरतो दिवाळी ते फेब्रुवारीची सुरुवात. त्यातही डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं असतात, कलाशिक्षक गळ्यापर्यंत बुडालेले असतात. फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यांना झेपतो.

पण आवाहन कधी पाठवायचं ते कलाकाराच्या वर्षावर ठरतं. मूर्तिकार गणेश चतुर्थीपर्यंत डोकं वर काढत नाहीत आणि नंतर देवीच्या मूर्ती असतात. तमाशाचे फड दसऱ्यानंतर बाहेर पडतात, त्यांच्या सुपाऱ्या आधीच ठरलेल्या असतात. लोककलावंत, खेळणीवाले, घोड्यांचे साज करणारे मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला जातात. सातपुड्यातल्या पाड्यांवर होळीच्या आधी अनेक जण पाळणीत, म्हणजे व्रताचे नियम पाळत असतात, त्या काळात त्यांना गावात बोलावणं बरं नाही. शेती करणारा कलाकार कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत तुमचा फॉर्म भरत बसणार नाही.

म्हणून माझा हिशेब असा: दसऱ्याला आवाहन बाहेर, अर्जाची मुदत कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळपर्यंत (सोबत इंग्रजी तारीख ठळक छापून), पुढच्या दोन आठवड्यांत पहिली निवड, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेखाटनं, पंधरा डिसेंबरपर्यंत पक्की पत्रं. मग भिंती तयार करायला महिना हातात राहतो. पालिका निवडणुकीची कुजबुज असेल तर आचारसंहितेचा अंदाज आधी घ्या. नाहीतर अर्धी रंगवलेली भिंत कापड टाकून झाकायची वेळ येते.

कोणाला बोलवायचं

सगळं खुल्या आवाहनावर सोडू नका आणि सगळे आपले ओळखीचेही घेऊ नका. आठपैकी तीन जागा थेट निमंत्रणाच्या, पाच खुल्या. आणि एकूण आठपैकी निम्म्या खान्देशातल्यांसाठी राखीव, हे प्रमाण मला रास्त वाटतं. बाहेरचा एखादा अनुभवी कलाकार आला की स्थानिक पोरं त्याच्या हाताखाली शिकतात. पण बाहेरच्यांचीच नावं बॅनरवर मोठी आणि आपल्यांची खाली बारीक, असं झालं की पुढच्या वर्षी गाव येत नाही.

स्थानिक म्हणजे कोण, याचा विचार जरा सैल ठेवा. जी.डी. आर्ट, ए.टी.डी. या कलेच्या पदविका घेतलेले कलाशिक्षक तर आहेतच. पण फ्लेक्स आल्यावर ज्यांच्या हातचं काम गेलं ते बोर्ड पेंटर, ट्रकच्या फाळक्यांवर फुलं काढणारे, गणपतीच्या कारखान्यातले, टोपल्या-सुपं विणणारे, कानबाईचा देव्हारा सजवणाऱ्या बाया, भुलाबाईची गाणी पाठ असणाऱ्या आजी, केळीच्या खोडाचा धागा काढून वस्तू करणारे बचत गट. चाळीसगावच्या केकी मूस यांनी आयुष्यातली बरीच वर्षं एका बंगल्यात राहून जगभरात बक्षिसं मिळवणारी छायाचित्रं काढली. आपल्याकडं गुणी माणूस असा घरात बसलेला असतो, त्याला शोधायला उंबऱ्याशी जावं लागतं.

नंदुरबारकडच्या आदिवासी कलाकारांविषयी थोडं जास्त लिहितो, कारण तिथं गडबड ठरलेली. पावरा, भिल्ल, कोकणी, मावची या वेगवेगळ्या माणसांना एकाच "आदिवासी नृत्य" या ओळीत कोंबू नका. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागात जायचं तर आठवडे बाजाराच्या दिवशी जा, माणसं भेटतात. तिथली भाषा बोलणारा शिक्षक किंवा कार्यकर्ता सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या. आणि मागण्याआधी विचारा: हे वाद्य, हा वेष, हे चित्र विधीबाहेर करायला चालतं का? होळीत व्रत घेऊन नाचणाऱ्या बुध्याचा साज किंवा डोंगऱ्यादेवाचं गाणं हे व्रताशी बांधलेलं असतं. नाही म्हणाले तर विषय तिथंच संपवा, दुसरं काय करायला आवडेल ते विचारा. एकट्याला बोलावलं तर बहुतेक येत नाहीत. दोन-तीन जणांच्या प्रवासाची, राहण्याची तजवीज धरूनच बोला.

मजकूर

आता लिहायला बसा. एका पानाच्या वर नको. "समृद्ध सांस्कृतिक वारसा" वगैरे पहिला परिच्छेद लिहून झाल्यावर खोडून टाका. साधारण असा:

"आमच्या गावात … ते … जानेवारी या काळात रस्त्यावरचा कला महोत्सव होत आहे. एकूण आठ कामं होतील, त्यातल्या पाच जागांसाठी कलाकार हवे आहेत. आठपैकी चार जागा जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या कलाकारांसाठी राखीव. जागांचे फोटो, मापं आणि दिशा सोबत जोडल्या आहेत. भिंत घासून व प्रायमर मारून मिळेल. प्रत्येक कामाला मानधन … रुपये आणि साहित्यासाठी … रुपयांपर्यंत. बाहेरगावच्यांचा प्रवास, राहणं, दोन वेळचं जेवण आमच्याकडं. काम करायला आठ दिवस मिळतील. अर्जात इतकंच पाठवा: जुन्या कामाचे पाच फोटो, कोणती जागा हवी, तिथं काय करायचंय ते दहा ओळींत. मराठी, अहिराणी, हिंदी, कोणत्याही भाषेत चालेल; लिहायचं नसेल तर तीन मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवा. फी नाही. पक्षाची चिन्हं, नेत्यांचे फोटो, जाहिरात, कुणाच्या धर्माची वा जातीची टवाळी चालणार नाही. निवड पाच जणांची समिती करेल, नावं खाली आहेत. निकाल … तारखेला प्रत्येकाला कळवू, निवड झाली नाही तरी."

आवाजी मेसेजची सोय क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळं अर्जदारांचा चेहराच बदलतो. ज्याला फॉर्म भरताना घाम फुटतो तो आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही.

एक सावधगिरी. विषय नुसता "खान्देश" दिलात तर अर्धे प्रस्ताव साने गुरुजी आणि बहिणाबाईंच्या चेहऱ्यांचे येतील, उरलेले केळी आणि अजिंठ्याच्या पद्मपाणीचे. त्या माणसांविषयी आदर आहेच, पण सगळ्या गावांच्या भिंती सारख्याच दिसायला लागल्यात. विषयाऐवजी जागेची गोष्ट द्या. "ही भिंत जिनिंगच्या रस्त्यावर आहे, हंगामात समोरून कापसाच्या गाड्या जातात." "या ओट्यावर दुपारी म्हातारे पत्ते खेळतात." "इथं पूर्वी गल्लीची सार्वजनिक विहीर होती, आता बुजवलीय." कलाकाराला पकडायला एवढं पुरतं, आणि जे येतं ते त्याच जागेचं असतं. थोर व्यक्तीचं चित्र हवंच असेल तर कुटुंबाला किंवा संबंधित संस्थेला आधी दाखवा. नाक असं का, फेटा तसा का, यावरून भांडणं होतात.

पोचवायचं कसं

ग्रुपवर टाकणं ही सुरुवात. खरी माणसं वेगळ्या ठिकाणी सापडतात. गावातल्या मोठ्या रंगाच्या दुकानात काउंटरजवळ छापील कागद लावा, कारण सगळे पेंटर तिथं रोज येतात. कलाशिक्षकांचे तालुकावार ग्रुप असतात, त्यात एखाद्या सरांकडूनच टाकून घ्या, अनोळखी नंबरवरून नको. आकाशवाणी जळगाव आणि धुळे केंद्रांना, स्थानिक दैनिकांच्या तालुका बातमीदारांना चार ओळींची तयार बातमी द्या. मुंबई-पुण्यात शिकायला गेलेली आपली मुलं जे.जे. आणि इतर कलामहाविद्यालयांत असतात, त्यांना गावच्या नावानं हाक मारलेली आवडते. अमळनेर, नंदुरबार, दोंडाईचा ही गावं सुरत-भुसावळ मार्गावर आहेत, त्यामुळं गुजरातेतले कलाकारही सहज येऊ शकतात. त्यांच्यासाठी हिंदी मजकूर ठेवा.

निमंत्रणाच्या तीन जागांसाठी मात्र फोन, आणि शक्य असेल तर घरी जाणं. वयानं मोठ्या पेंटरला "आप्पा", "नाना" म्हणून बोलायला सुरुवात करा, पण कामाचं बोलणं मोघम ठेवू नका. तो चहा पुढं करून दोनच गोष्टी विचारेल: "भाऊ, रंग कोन देई? आनि पैसा कव्हय भेटतीन?" या दोन प्रश्नांना आकडा आणि तारीख असलेलं उत्तर तुमच्या तोंडावर हवं. "बघू, करू काहीतरी" म्हणालात की तो हसून हो म्हणेल आणि येणार नाही. खान्देशात माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हे बाहेरून आलेल्या सूत्रसंचालकांना कधीच कळत नाही. बाई कलाकार असेल तर राहण्याची सोय कुठं, रात्री सोबत कोण, हे तिनं विचारण्याआधी सांगा.

निवड

समिती पाच जणांची: एक कलाशिक्षक, एक बाहेरगावचा कलाकार, जिथं काम होणार त्या गल्लीतली एक व्यक्ती, पालिकेचा एक अभियंता आणि आयोजकांपैकी एक. अभियंता हवाच. दहा फुटी लोखंडी शिल्प वाऱ्यात उभं राहील का, पाया किती लागेल, हे कविमनाच्या माणसांना सांगता येत नाही. अर्जदार कुणाचा भाचा, कुणाचा विद्यार्थी असेल तर त्या सभासदानं त्या अर्जापुरतं बाहेर बसायचं. लहान गावात हे अवघड आहे, कारण सगळेच कुणाचे तरी भाचे असतात. तरीही करायचं, आणि लिहून ठेवायचं.

अर्ज बघताना कागदावरच्या देखण्या चित्राला भुलू नका. मोठ्या मापाचं काम आधी केलंय का ते बघा. कागदावर हात असलेल्याची भिंतीवर प्रमाणं चुकतात. पेंटर ग्रीड आखून ते सहज पेलतो. कधी कधी दोघांची जोडी लावली तर उत्तम, पण मानधन दोघांचं वेगळं ठरवा.

निकालाच्या दिवशी प्रत्येकाला उत्तर. नाकारलेल्यांना एक ओळ कारणासकट: "जागा भिंतीची होती, तुमचं काम मातीत जास्त खुलतं, पुढं मातीच्या जागा निघतील तेव्हा कळवू." ही एक ओळ लिहायला आयोजक कंटाळतात. आणि गावभर बोलबाला याच एका ओळीचा होतो.

कागद

निवड झाल्यावर दोन पानी मराठी करारपत्र. त्यात रक्कम, हप्ते, तारखा, जागा, मंजूर रेखाटन, काम बदलायचं झाल्यास कोणाला विचारायचं, पावसानं काम थांबलं तर जादा दिवसांचं राहणं-जेवण कोणाचं. हप्ते मी असे ठेवेन: 40 टक्के कामाला हात लावण्याआधी, 40 अर्धं काम झाल्यावर, 20 शेवटच्या दिवशी त्याच जागेवर. टीडीएस कापणार असाल तर आधी सांगा. हातात कमी रक्कम आली की कलाकाराला तुम्ही खाल्ल्यासारखं वाटतं. पॅन आणि बँक पासबुकची प्रत याच वेळी घ्या. ज्याचं खातं बंद पडलंय त्याचं चालू करायला महिना हाताशी असतो.

हक्कांची बाजू बहुतेक मंडळं सोडून देतात. भिंत तुमची असली तरी चित्र कलाकाराचं असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. महोत्सवाच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरू, कॅलेंडर किंवा टी-शर्ट विकायचे झाले तर वेगळं बोलू, एवढं स्पष्ट लिहा. कलम 57 नुसार आपल्या कामाची मोडतोड करून आपली नाचक्की केली, असं म्हणण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही कलाकाराकडं राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं 1979 साली काढून गोदामात टाकलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे उरलेले भाग सेहगल यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणून करारात लिहा: हे काम किमान तीन वर्षं ठेवू, भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाल्यास महिनाभर आधी कळवू. मालकाच्या परवानगीपत्रातही हीच मुदत घाला, नाहीतर सहा महिन्यांत त्यावर सिमेंटची जाहिरात येते.

उंचीवर चढणाऱ्यांचा अपघात विमा, हेल्मेट, दोरीचा पट्टा आणि खाली उभा राहणारा एक माणूस या गोष्टी करारात आयोजकांच्या बाजूला लिहा.

पत्र गेल्यावर

होकार आला म्हणजे माणूस आला असं नाही. प्रत्येक कलाकाराला आयोजकांतला एकच माणूस जोडून द्या. पाच जणांचे पाच फोन नकोत. दर दहा दिवसांनी एक फोन. भिंत तयार झाली की तिचा फोटो पाठवा. आठपैकी एक तरी ऐनवेळी गळतो, तेव्हा प्रतीक्षायादीतल्या दोघांना आधीपासून सांगून ठेवा, आणि त्यांनाही रेखाटनाचे पैसे मिळालेले असले की ते खुशीनं थांबतात.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कलाकाराला घेऊन त्या गल्लीत जा. घरोघरी ओळख करून द्या, कोण काय काढणार आहे ते सांगू द्या. पाण्याची बादली, संडास, दुपारी टेकायला ओटा या गोष्टी त्या ओळखीतून मिळतात, आयोजकांच्या यादीतून नाही. कुणाचा आक्षेप असेल तर तोही आदल्या दिवशीच निघतो, रंग लागल्यावर नाही. रात्रीच्या जेवणाला शेवभाजी नाहीतर भरीत-कळण्याची भाकरी असली की बाहेरचे पाहुणे खूश, फक्त तिखटाचं आधी विचारा.

महोत्सव संपला की आठवड्याच्या आत प्रत्येक कलाकाराला कामाचे चांगले फोटो आणि सहीशिक्क्याचं पत्र पाठवा, पुढच्या कामासाठी त्यांना ते लागतं. कामाशेजारी लावायच्या पाटीवर त्यांचं नाव त्यांनी सांगितलं त्याच स्पेलिंगनं आणि गावासकट लिहा. शेवटचा हप्ता बाकी असेल तर मांडववाल्याच्या आधी तो द्या.